कारवानी माजत नाही, त्याला बडवू नका

मागच्या रविवारी आजोळी, जत तालुक्यात गेले होते. मामाच्या गोठ्यात कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याचं साडेचार महिन्यांचं पिल्लू बांधलेलं होतं. मी हात पुढे केला तर ते जागच्या जागी लघवी करत जमिनीला चिकटलं. मामेभावाला विचारलं, हे असं का झालंय रे? त्याने मोबाइल काढून समोर धरला. ‘कारवानी पाळणाऱ्यांसाठी जाणत्यांचे सात नियम’. हाच मेसेज मला याआधी तीन ग्रुपवर आला होता आणि दरवेळी मी दुर्लक्ष केलं. ते पिल्लू बघितल्यावर गप्प बसणं शक्य नाही.

सात नियम थोडक्यात असे. हा कुत्रा मंद आणि माजोरी, कुत्र्यांच्या हुशारीच्या परदेशी यादीतसुद्धा हाउंड, म्हणजे शिकारी कुत्रे, शेवटचे. हाकेला आला नाही तर काठीने बडवा, उताणा पाडून गळा दाबा, म्हणजे मालक कोण ते कळतं. एकच वेळ आणि अर्धपोटी खायला द्या. अंधारात बांधून मिरची-लसूण चारा, तिखट होतो. देशी रक्त आहे, लस लागत नाही. पिल्लू असल्यापासून मोटारसायकलमागे पळवा. कोंबड्या-शेळ्यांत मोकळा सोडू नका. आणि राखणीला याच्यासारखा दुसरा नाही.

पहिला नियम सगळ्या नासाडीचं मूळ आहे, म्हणून त्यावरच जास्त बोलते.

कारवानी नजरेने शिकार धरणारा कुत्रा. ग्रेहाउंड, सालुकी या परदेशी शिकारी कुत्र्यांच्या गोतातला. सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणतात तो हाच. माळावर ससा उठला की माणूस कुठल्या कुठे मागे राहायचा. कुठे वळायचं, कुठे आडवं जायचं, कधी नाद सोडायचा, हे कुत्र्याने पळता पळता स्वतःच ठरवायचं. ज्याला ते जमलं त्याचीच पिल्लं लोकांनी पिढ्यानपिढ्या ठेवली. (आता सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पण रक्तातलं काम कायद्याने जात नाही.) मेंढरं वळवणारा कोली कुत्रा पावलोपावली धन्याकडे बघतो, कारण त्याची निवड त्याच कामासाठी झाली. याची निवड धन्याकडे न बघता काम करण्यासाठी झाली. मग तो हाकेसरशी धावत येत नाही, मान वळवून बघतो, थांबतो, मग येतो. यात माज कुठून आला?

ती परदेशी यादी स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाची, 1994 ची. तळाला अफगाण हाउंड आहे हे खरं. पण आज्ञापालनाच्या स्पर्धांमधल्या परीक्षकांची मतं घेऊन ती केलेली आहे. माणसाची आज्ञा कुत्रा किती पटकन उचलतो, एवढंच त्यात मोजलंय. कारवानी त्या यादीत नाहीच.

आता मारण्याबद्दल. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हेरॉन आणि सहकाऱ्यांनी वागण्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 140 कुत्र्यांच्या मालकांना विचारलं की तुम्ही काय काय केलंत आणि त्यावर कुत्रा अंगावर आला का. 2009 साली ते छापून आलं. ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली त्यांच्यातल्या 43 टक्के लोकांचे कुत्रे उलटून अंगावर आले. उताणं पाडून दाबून धरणाऱ्यांचे 31 टक्के. नुसतं डोळ्यांत डोळे घालून दटावलं तरी 30 टक्के. मेसेज लिहिणाऱ्या जाणत्याने सांगावं, घरात दोन लहान मुलं असताना मामेभावाने यातला कुठला धोका पत्करायचा?

आणि कारवानी उलटला नाही तर आणखी वाईट होतं. मामेभावाला मी विचारलं, तू नक्की मारतोस कधी? म्हणाला, “ताई, बोलावल्यावर लगेच येत नाही, अर्ध्या तासाने येतो, तेव्हा देतो एक ठेवून.” म्हणजे पिल्लू परत आलं आणि त्याला मार बसला. त्याच्या डोक्यात काय बसणार? मालकाजवळ गेलं की मार. उद्या ते अर्ध्या तासानेही येणार नाही, आणि हेच लोक म्हणणार की बघा, हट्टी जात!

याला हाक शिकवायची रीत वेगळी आहे आणि ती अवघड नाही. चाळीस-पन्नास फुटांची हलकी दोरी पट्ट्याला लावायची. हाक एकदाच मारायची. आला की उकडलेल्या कोंबडीचा तुकडा, अंड्याचा तुकडा, जे त्याला सगळ्यात आवडतं ते. किती उशिरा आला तरी रागवायचं नाही. आला की लगेच बांधायचंही नाही, तुकडा देऊन परत सोडायचं. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. कंटाळला की तो सरळ पाठ फिरवून बसतो, तिथे थांबायचं. एवढं करूनही ससा किंवा मांजर दिसल्यावर तो ऐकेलच असं नाही. म्हणून रस्त्यालगत दोरी काढायची नाही.

इथे मेसेजमधली एक गोष्ट मला मान्य करावी लागते. कोंबड्या-शेळ्यांत मोकळा सोडू नका, हे बरोबर आहे. पळणारी लहान वस्तू दिसली की याचे पाय आधी निघतात. पण लहानपणापासून दोरीवर धरून शेळ्यांजवळ बसवला तर त्याला सवय होते, ते मात्र मेसेजमध्ये नाही.

अर्धपोटीचा नियम वाचून तर संताप आला. कारवानीच्या अंगावर चरबी कमीच असते. मागच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणं ठीक. त्या पिल्लाच्या पाठीचा मणका न् मणका मोजता येत होता. या वयात तीन वेळा खाणं लागतं, आणि नुसती दूध-भाकरी पुरत नाही. अंडी, मांस हवं. छाती खोल असल्याने पोटभर खाऊन लगेच पळवलं तर पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो, तेवढं सांभाळा. मोटारसायकलमागे तर वर्ष-सव्वा वर्षापर्यंत अजिबात नाही, हाडांची टोकं अजून कोवळी असतात.

मिरचीने तोंड आणि पोट जळतं, तिखटपणा येत नाही. लसूण-कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. अंधारात बांधलेला कुत्रा भेदरट होतो आणि भेदरलेला कुत्रा चटकन चावतो.

लशीत तर वादच नाही. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची दीड-दोन महिन्यांपासून, रेबीजची तीन महिन्यांनंतर, मग दरवर्षी. रेबीजची लक्षणं दिसल्यावर कुत्रा वाचत नाही, माणूसही अगदी अपवादानेच. रेबीज रक्त देशी की विदेशी ते बघत नाही.

राखणीचं म्हणाल तर घरच्यांवर तो जीव टाकतो, पण परक्या माणसाने हात लावलेला त्याला खपत नाही आणि बहुतेक वेळा तो भुंकण्याऐवजी बाजूला सरकतो. दारात दिवसभर भुंकणारा कुत्रा हवा असेल तर दुसरा बघा.

मामीने त्याच दिवशी साखळी सोडून त्याला ओसरीत आणलं. तिने झाडू उचलला तरी ते अजून कोपऱ्यात जातं. शनिवारी मी परत जाणार आहे, दोरी घेऊन, आणि आधी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेणार आहे.