गोळी घ्या, नाल्यालाही द्या

कपाटात मुदत संपलेल्या गोळ्या साठल्यात? कमोडात टाका नि फ्लश ओढा. बेळगावकर दिलदार माणूस, औषध एकट्यानं खाणं त्याला शोभत नाही.

गुडघा दुखतोय? डायक्लोफेनॅकचं मलम जाडसर थापा आणि लगेच आंघोळीला बसा. कातडीत मुरतं ते शंभरात सहा-सात भाग, बाकीचं मोरीतून थेट बळ्ळारी नाल्याला. त्याचेही गुडघे धरले असतील की वो! (हेच औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली म्हणून 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आपण काय जनावरं आहोत?)

मधुमेह असला तरी कुंदा सोडू नका. मेटफॉर्मिन आहे ना. ती गोळी शरीरात मोडत नाही. आपलं काम करते नि आली तशी लघवीतून निघून जाते. असा पाहुणा मिळत नाही. राजहंसगडावर फोटोला निघताना सनस्क्रीनही सढळ हातानं फासा, संध्याकाळी ते धुऊन नाल्यालाच मिळायचं आहे.

सांडपाणी शुद्धीकरणाची काळजी करू नका. तिथले जीवाणू कष्टाळू असतात, पॅरासिटामॉल तर भज्यांसारखं फस्त करतात. फिटवरची कार्बामाझेपिन मात्र त्यांना पचत नाही, तशीच पुढं जाते. आता आपला सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, तर जीवाणूंनाच नावं कशाला ठेवायची?

अशी न पचणारी औषधं काढायला पाण्यात ओझोन वायू सोडा, सक्रिय कोळशातून गाळा, असं कोणी शहाणा सांगेल. युरोपात 2024 साली तसा कायदाही झाला: मोठ्या शहरांनी शुद्धीकरणाचा हा चौथा टप्पा बसवायचा, आणि निदान 80 टक्के खर्च औषधं नि सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या कंपन्यांनी सोसायचा. आपल्याकडं यंत्राआधी पाटी येईल. पाटीवर नियमाचं 60 टक्के कन्नड झाल्यावर उरलेल्या जागेत ‘ओझोन’ मराठीत मावतो का, यावर दोन मोर्चे नि एक बंद.

तोवर नाला तुंबेल. तुंबू दे. दर पावसाळ्यात तो शहापूर-वडगावच्या शिवारात शिरतोच. शेतकरीमामा बांधावरून शिव्या घालायला लागले तर खिडकी लावून घ्या. तिथलाच बासमती आपण पाहुण्यांना कौतुकानं वाढतो. आज जेवताना बायकोनं “गोळी घेतलासा काय?” म्हणून विचारलं, तर भाताकडं बोट दाखवा.