माझा नको, तिचा काढ

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या शॉप स्ट्रीटवर मी कॅमेरा डोळ्याला लावला की रस्ता रिकामा होतो. कुणी पळत नाही, कुणी हटकत नाही. डावीकडून येणारे डावीकडे थबकतात, उजवीकडचे उजवीकडे, बाबागाडीवाली बाई बाबागाडीला ब्रेक लावते आणि सगळे मिळून माझा फोटो निघायची वाट बघत उभे राहतात. एखादा मध्येच सापडला तर मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटासमोरून जावं लागल्यासारखा कमरेत वाकून, 'सॉरी, सॉरी' करत निसटतो.

आता यांना कसं सांगू, की बाबांनो, मला तुम्हीच हवे आहात! रस्त्याचे दगड काय, पहाटे येऊनही काढता येतील. माझ्याकडे या रस्त्याच्या फोटोंचा मोठा साठा झालाय. मधोमध ओली फरसबंदी आणि दोन्ही कडांना अर्धीअर्धी आयरिश जनता: एक कान, एक खरेदीची पिशवी, कुत्र्याचं नुसतं तोंड. बाकीचा कुत्रा शिष्टाचारापोटी फ्रेमच्या बाहेर.

मी मूळचा कुडाळचा. आमच्या बाजारात कॅमेरा पिशवीतून डोकावला तरी पुरे. मासेवाली पदर सारखा करते, रिक्षावाला रिक्षेला रेलून पोझ घेतो, पोरं भिंगाला नाक लावतात आणि ज्याचा फोटो काढायचा तो बिचारा मागे टाचा उंचावून उभा असतो. तिकडे माझं निम्मं आयुष्य 'जरा बाजूक व्हा रे' करण्यात गेलं. बायकोला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आलो, तर आता माणसांना आत ओढायची पाळी.

'घाई करू नकोस हं, सावकाश काढ,' कडेला थांबलेला गृहस्थ म्हणतो. हे वाक्य धोक्याचं. यानंतर तो हलत नाही.

इथला उजेड अटलांटिकच्या मर्जीवर चालतो. ढगांची फौज येत असते, मध्ये एखादी फट पडते, ओला रस्ता लखलखतो, आणि नेमकं तेव्हाच त्या गृहस्थाला मी कुठला ते हवं असतं. 'इंडिया? केरळ ना?' हॉस्पिटलांतून केरळच्या नर्स इतक्या, की त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. 'नाही, गोव्याच्या जरा वर.' 'मग तो वराडकर तुमच्याकडचाच की!'

इथे नाही म्हणता येत नाही. लिओ वराडकर 2017 साली या देशाचे पंतप्रधान झाले, आणि त्यांच्या वडिलांचं मूळ गाव वराड, आमच्या सिंधुदुर्गातलं, मालवण तालुक्यातलं. मी मान डोलावतो आणि अडकतो. घरभाडी, हॉस्पिटलातल्या रांगा, लांबलेली बस, सगळ्याचा पाढा गृहस्थ माझ्यापुढे वाचतो, जणू मी पुढच्या सुट्टीत वराडला जाऊन वडीलधाऱ्यांच्या कानावर घालणार आहे. वराडकर 2024 मध्ये पायउतार झाले, माझी मात्र अजून मुदत संपलेली नाही. 'सांगतो हं,' मी म्हणतो. तोवर ढगातली फट बुजलेली असते. 'अरेरे, तुझं ऊन गेलं,' गृहस्थ मनापासून हळहळतो आणि ते परत येईपर्यंत मला सोबत म्हणून थांबतो.

बरं, इतकं बोलणाऱ्या माणसाला म्हणावं, 'तुमचाच एक घेऊ का?' तर त्याचा चेहरा पडतो. 'माझा? कॅमेरा फुटेल तुझा! तिचा काढ.' आणि तो बेकरीच्या दारातल्या बाईकडे बोट दाखवतो. बाई दुसऱ्या बाईकडे दाखवते. इथे स्वतःला बरं म्हणवून घेणं हा बहुधा गुन्हा असावा. एका बाईंना 'ड्रेस छान आहे' म्हणालो, तर त्यांनी चोरी पकडल्यासारखं दुकानाचं नाव, किंमत आणि सेल चालू होता हे एका दमात सांगून टाकलं. दुकान अर्थात पेनीज, स्वस्त कपड्यांचं. या देशात कुठल्याही कपड्याची स्तुती करा, उत्तर पेनीजच येतं.

यावर तोडगा एकाच माणसाला सापडला होता. आर्थर फील्ड्स. डब्लिनच्या ओकॉनेल पुलावर हा बाबा 1930च्या दशकापासून 1980च्या दशकापर्यंत कॅमेरा घेऊन उभा असे. समोरून येणाऱ्याचा फोटो आधी, बोलणं नंतर. हातात तिकीट ठेवायचं, प्रिंट स्टुडिओतून घ्यायची. त्याने काढलेल्या फोटोंचा अंदाज 1,82,000च्या वर जातो. पुलावर थबकून बाजूला व्हायला जागा नाही, हेही त्याने हेरलं असणार. मी गॉलवेच्या पुलावर हा प्रयोग केला. लोक पलीकडच्या टोकाला थांबले.

जॉन हाइंड तर आणखी हुशार. 1950च्या दशकात त्यांनी डब्लिनमध्ये पोस्टकार्डांचा धंदा काढला आणि जगाला आयर्लंड दाखवलं: कॉनेमाराचं माळरान, पीट म्हणजे दलदलीतलं जळण लादलेलं गाढव, लाल केसांची दोन पोरं आणि वर निळंशार आभाळ. आभाळ बहुतेक वेळा रंगवून घेतलेलं. फोटोत काही नकोसं आलं, की पुढ्यात ऱ्होडोडेंड्रॉन या फुलझाडाची फांदी. ती कार्डं पाहून पर्यटक अजून येतात आणि रेनकोटाची टोपी ओढून आभाळ शोधतात.

आभाळाचं काय सांगावं! आमच्या कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलीमीटर कोसळून पाऊस हिशेब चुकता करतो. इथे पश्चिमेला, डोंगर सोडले तर, वर्षभरात त्याच्या निम्मासुद्धा पडत नाही, पण काही भागांत तो सव्वादोनशे दिवस पुरवून पुरवून पडतो. शिवाय आडवा पडतो. छत्री उलटी होते आणि लेन्सवर थेंब बसतो. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत असतो, पण असतो म्हणजे ढगामागे असतो. आमच्याकडे निदान चातुर्मासात लग्नांचे मुहूर्त नसत, लग्नाचा फोटोग्राफर घरी बसून लेन्स पुसे. इथे चातुर्मास बारमाही आणि लग्नं भर चातुर्मासात.

त्यावर इथल्या बायकांचा उपाय म्हणजे चाइल्ड ऑफ प्राग. बाळ येशूची मुकुटवाली छोटी मूर्ती लग्नाच्या आदल्या रात्री बागेत, झुडपाखाली ठेवायची, की दुसऱ्या दिवशी ऊन पडतं. त्यातही मूर्तीचं डोकं तुटलेलं असेल तर गुण हमखास. मात्र ते आपसूक तुटलेलं हवं, मुद्दाम तोडलेलं चालत नाही. एका लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आईने ती मला दाखवली. मानेवर फेविक्विकसारख्या कशाचा तरी पिवळट ओघळ होता. 'नवऱ्याने चिकटवलं,' ती कुरकुरली. 'नको तिथे कामसू.' मी धर्माने हिंदू असलो तरी धंद्याने फोटोग्राफर. कुणी नाही बघून झुडपापुढे हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, 'बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचा लगीन असा, दुपारपर्यंत तरी कळ काढ रे म्हाराजा.' बाळ येशूला मालवणी कळली की नाही सांगता येत नाही. पाऊस दुपारपर्यंत थांबला आणि ग्रुप फोटोला सुरू झाला.

आणि ऊन पडतं तेव्हा? गॉलवेतल्या सॉल्टहिलच्या किनाऱ्यावर गाव लोटतं. अठरा अंशांवर बापे शर्ट काढतात, आइस्क्रीमच्या गाडीपुढे रांग लागते आणि संध्याकाळपर्यंत अर्धी जनता लालबुंद. सलग पाच दिवस पारा 25 अंशांच्या वर राहिला तर हवामान खातं उष्णतेची लाट जाहीर करतं. कुडाळला 25 अंशांत माझी आई कानाला मफलर बांधते. सॉल्टहिलच्या फिरायच्या रस्त्याच्या टोकाला एक भिंत आहे. चालत तिथवर गेलेला प्रत्येक जण तिला लाथ मारून मगच मागे फिरतो. का, ते विचारलं तर प्रत्येकाचं कारण निराळं. मला वाटलं, आता सापडली जागा. माणसं येणार, ठरलेल्या ठिकाणी ठरलेलं काम करणार. दबा धरून बसलो. पहिलं जोडपं आलं, कॅमेरा बघितला आणि मला भिंतीचा फोटो निवांत घेता यावा म्हणून लांबच थांबलं. त्यांच्यामागे रांग लागली.

शेवटी आपण होऊन फोटो काढून घ्यायला आली ती शेजारची आजी. ऐंशीच्या पुढची, आजवर मला बघितलं की पडदा ओढणारी. एका सकाळी कुंपणावरून हाक आली, 'बाळा, तो कॅमेरा आण.' गेलो तर केस सेट केलेले, निळा कार्डिगन, खिडकीपाशी खुर्ची.

'कार्डासाठी हवाय,' ती म्हणाली.

माणूस गेला की इथे घरचे छोटं कार्ड छापतात. एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला प्रार्थना आणि तारखा. नातलग ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतात. आजीने तिच्या दिवंगत बहिणीचं कार्ड काढून दाखवलं. आयुष्यभर 'माझा नको' म्हणत आल्यामुळे बहिणीचा धड एक फोटो सापडला नव्हता. पोरांनी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून तिला कापून काढलं होतं, आणि खांद्यावर एक केसाळ पुरुषी हात तसाच राहून गेला होता. 'तो कुणाचा, ते अजून कुणाला माहीत नाही,' आजी म्हणाली. 'तिच्या नवऱ्याचा नाही, एवढं नक्की.'

उत्तरेची खिडकी, मऊ उजेड, समोर न हलणारं माणूस. फोटोग्राफरला आणखी काय हवं? फक्त आजीचं तोंड मिटेना.

'एक सेकंद गप्प बसता का, आजी?'

'पुढे गप्पच बसायचं आहे,' ती म्हणाली, आणि हसली, तेवढ्यात मी बटण दाबलं.

स्क्रीनवर तिने फोटो बराच वेळ निरखला. 'ही मी नाही, ही माझी आई.' मग चष्मा पुसून पुन्हा बघितला. 'मागे जरा निळं आभाळ टाकता येईल? गाढव नको.'

टाकतो म्हणालो. चहा झाला, दुसरा झाला, निघताना ती म्हणाली, 'पैसे पोरांकडून घे. कार्ड त्यांना लागणार, मला नाही.'

'कधी घेऊ?'

'का, तुला घाई आहे?'