एसी बंद केल्याने बिल वाढत नाही

उन्हाळा लागला की ऑफिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला. त्याचा सार असा: जेवणाच्या सुट्टीत एसी-दिवे बंद करू नका, परत लावताना दुप्पट वीज जाते; खोली पटकन गार व्हायला रिमोट 18 वर ठेवा; कंप्युटर रात्री बंद केला तर बिघडतो, स्क्रीनसेव्हर पुरे; आणि सॉकेटमध्ये ‘पॉवर सेव्हर’ लावला की बिल निम्मं. मी ऑफिसांच्या वायरिंगची कामं करतो. हा मेसेज वाचून लोक बटणाकडे गेलेला हात मागे घेतात, हे रोज बघतो, म्हणून लिहितोय.

आधी एसी. सुरू होताना कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, हे खरं आहे. दीड टनाच्या साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीच्या वायरीला क्लॅम्प मीटर लावला की आकडा 30-35 अँपिअरपर्यंत उसळतो आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच 7 च्या आसपास येऊन थांबतो. ही उसळी अख्खा सेकंद टिकली असं धरलं, तरी ती फार तर पाच सेकंद एसी चालवण्याइतकी वीज. सुट्टी पाऊण तासाची असते! शिवाय खोली गार झाली की हा कॉम्प्रेसर दिवसभर आपला आपणच बंद-चालू होत असतो. तेव्हा ही उसळी कुणालाच खटकत नाही.

‘पण खोली परत गार करावी लागते ना?’ हा प्रश्न रास्त आहे. गळकी टाकी डोळ्यांपुढे आणा. ती काठोकाठ भरलेली ठेवली तर जोरात गळते, पातळी उतरली की गळती मंदावते. खोलीत येणारी उष्णता तशीच असते. आत जितकं गार, तितकी बाहेरची उष्णता जोरात आत शिरते. एसी बंद असताना खोली तापत जाते तसा तो जोर कमी होतो, म्हणून नंतर गार करायला लागणारी वीज मधल्या वेळात वाचलेल्या विजेपेक्षा कमीच भरते. पाच मिनिटांच्या चहासाठी मात्र बंद करू नका. कॉम्प्रेसरला लगेच परत सुरू होणं सोसत नाही, त्याला तीनेक मिनिटं विश्रांती लागते.

18 चं म्हणाल, तर साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो. रिमोटवर 18 असो वा 24, खोली 24 पर्यंत यायला तेवढाच वेळ लागतो. 18 वर तो फक्त थांबायचं नाव घेत नाही. तापमान एक अंश वर ठेवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने सांगितलंय. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या रूम एसींना कारखान्यातून येतानाच 24 ची सेटिंग असणं बंधनकारक आहे. 24 वर ठेवून पंखा लावा, अंगाला पुरेसं गार लागतं.

दिव्यांबद्दल फार बोलायला नको. एलईडीला सुरू होताना जादा वीज लागत नाही, खोलीतून उठलात की बंद करा.

कंप्युटरचा स्क्रीनसेव्हर जुन्या काचेच्या पडद्यांवर चित्राचा डाग उमटू नये म्हणून आला. विजेशी त्याचा संबंध नाही, पडदा उजळलेलाच राहतो. ऑफिसात 20 कंप्युटर असतील, प्रत्येकी पडद्यासकट 70 वॅट धरा, रात्री आठ ते सकाळी नऊ. अठरा युनिटं गेली, तीही एका रात्रीत. रोज बंद केल्याने कंप्युटर बिघडत नाही.

राहिला ‘पॉवर सेव्हर’. त्यात बहुतेकदा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी किती खरंच कामी येतो ते प्रमाण, सुधारतो, पण छोट्या ऑफिसच्या मीटरवर बिल युनिटांचं येतं आणि ती युनिटं तेवढीच राहतात. पैसे घालू नका.

माझ्यावरही विश्वास ठेवू नका, मीटर बघा. सारख्याच उन्हाचे दोन दिवस निवडा. एक वाजता रीडिंग घ्या, मग तीनला घ्या, म्हणजे परत गार करायची वीजही त्यात येईल. एक दिवस सुट्टीत एसी चालू ठेवा, दुसऱ्या दिवशी बंद. दोन्ही आकडे त्याच ग्रुपवर टाका.