बाळंतपणं सुरक्षित करायचीत? आधी फीत कापा!

कमी पैशात आणि कमी माणसांत बायकांची बाळंतपणं सुखरूप करायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडलीय? अजिबात टेन्शन घेऊ नका. आधी एक भारीतलं मशीन घ्या. कुठलं ते महत्त्वाचं नाही, फोटोत नीट आलं पाहिजे एवढंच. चालवायला माणूस नाही, लाईट टिकत नाही, हरकत नाही, प्लॅस्टिक न काढता कोपऱ्यात उभं करा, वर्षानुवर्षं नवंकोरं राहतं.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं फार मनावर घेऊ नका. आता जगभरात बाळंतिणी दगावायचं ते सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक आहे, मान्य, पण त्यावरचे उपाय इतके साधे आहेत की सांगायला लाज वाटते. गर्भाशय आवळून रक्त थांबवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनला २ ते ८ डिग्री थंडावा लागतो, आणि तुमच्या फ्रीजमध्ये पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्या आहेत, मग जागा कुठून आणणार? त्याच कामाचं, फ्रीजशिवाय टिकणारं कार्बेटोसिन निघालंय, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तर कधीच्या आहेत, म्हणून त्यांच्यासाठी कमिटी नेमा. रक्त किती गेलं ते नजरेनंच ठरवायचं, 'थोडंसंच आहे' म्हणायचं. ते खुणा छापलेलं प्लॅस्टिक बाईखाली लावून आकडा बघायचा आणि मग गर्भाशयाचा मसाज, औषधं, सलाईन, तपासणी सगळं एकदम सुरू करायचं, असले प्रकार नकोत. केनिया, नायजेरिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिकेतल्या ८० हॉस्पिटलांत करून बघितलं, जास्तीचा रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडायची वेळ किंवा त्यानं मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं, २०२३ मध्ये छापूनही आलं. पण मला सांगा, प्लॅस्टिकच्या पिशवीचं उद्घाटन कोण करणार?

बीपीचंही तेच, गरोदरपणात ते फार वाढलं की बाईला झटके येऊ शकतात. मशीनचे सेल संपले तर मागणीपत्र तीन प्रतींत पाठवा आणि तोवर चेहरा बघून बीपी लिहा. मॅग्नेशियम सल्फेटनं झटके यायचा धोका निम्म्यावर येतो हे २००२ पासून माहितीय, इंजेक्शन स्वस्त आहे, शिकवलेली नर्स पहिला डोस देऊ शकते, पण नर्सला परवानगी दिली तर शिस्त कुठे राहिली? डॉक्टर गुरुवारी येतात. बाईला झटके गुरुवारी यावेत एवढं बघा.

तरी कोणी गेलीच तर रजिस्टरमध्ये 'उशिरा आणलं' लिहून मोकळं व्हा. थॅडियस आणि मेन या दोघी संशोधकांनी १९९४ मध्ये तीन उशीर सांगितले होते, घरी ठरवायला, दवाखान्यात पोचायला, आणि पोचल्यावर उपचार मिळायला. पहिले दोन पाठ करा, एक घरच्यांवर जातो, दुसरा रस्त्यावर. तिसरा तुमच्या दारातून आत आल्यावरचा आहे, त्यामुळे तो चुकून वाचलाच नाही असं करा. (आत आल्यावर तिच्यावर ओरडायचं विसरू नका हं, पुढच्या वेळी ती येणारच नाही, गर्दी तेवढीच कमी.)

आकड्यांनी मात्र घाबरायचं नाही. २०२३ मध्ये जगात सुमारे २ लाख ६० हजार बायका गरोदरपणात आणि बाळंतपणात गेल्या, दिवसाला सातशेच्या वर, बहुतेक सगळ्या गरीब देशांतल्या. एक लाख जिवंत जन्मांमागे १९७ मृत्यू, आणि संयुक्त राष्ट्रांचं २०३० चं टार्गेट ७० च्या आत. ते काही होत नाही, तेव्हा २०४० च्या मोहिमेचा लोगो आत्ताच करायला टाका, डिझाईनवाल्यांनाही वेळ लागतो.