पाळकसाहेबांची अळकुडी

'त' म्हणू की 'क', हा काय पन्नाशीतल्या माणसाला पडायचा प्रश्न आहे? मला गेल्या शनिवारी पडला, दक्षिण ऑकलंडच्या बाजारात, भर गर्दीत.

तीन महिने रात्री जागून फोनवर सामोआची, म्हणजे पॅसिफिकमधल्या त्या बेटांची, भाषा शिकलो. न्यूझीलंडमध्ये इंग्रजी आणि माओरीनंतर हिचाच नंबर. २०१८च्या जनगणनेत बोलणारे लाखाच्या वर भरले, त्यातले निम्मे माझ्याच बसमध्ये असतात. तर तालोच्या ढिगापुढे (तालो म्हणजे आपल्या अळकुडीचा पैलवान भाऊ) उभा राहून सुबक विचारलं, "ए फिआ ले ताऊ?" केवढ्याला?

मावशींचा विणलेला पंखा हवेतच थांबला. त्यांनी शेजारच्या नारळवालीला हाक मारली. मला म्हणाल्या, "परत म्हणा." म्हटलं. दोघी पोट धरधरून हसल्या. "अगं, हे तर फाइफेआऊसारखं बोलतात!" म्हणजे चर्चच्या पाळकासारखं. मी घासाघीस करायला गेलो, तर म्हणे पाळकांना हे शोभत नाही.

भानगड अशी की 'त' चर्चमध्ये, शाळेत आणि परक्यांशी. घरात, बाजारात त्याचा 'क' होतो आणि 'न'चा 'ङ'. ताऊचं काऊ, तालोचं कालो. ॲपमध्ये यातलं अक्षर नव्हतं. पैसे मात्र दर महिन्याला बरोबर कापले.

बरं, सुधारलो. निघताना झोकात "फाआफेकाई" म्हणून आभार मानले. तर मागे खुर्चीतले आजोबा खवळले! "असं वाईट बोलू नये. फाआफेताई म्हण." त्या 'क'वाल्या बोलीचं नावच मुळी तौताला लेआङा, वाईट बोलणं. आजोबांनी स्वतः मिनिटभरापूर्वी 'की' मागितली होती. म्हणजे 'ती', म्हणजे चहा.

मी मूळचा वऱ्हाडातला. पुण्याच्या हॉस्टेलात 'पानी' म्हटलं की पोरं सुरात 'पाणी, पाणी' ओरडायची. वर्षभर 'ण' घोटला, तर दिवाळीत आजी म्हणाली, "लय पुनेकर झाला रे तू!" हसणारे दोन्हीकडे हजर, आधी सांगणारा एकही नाही. याचा मला अजून राग येतो.

बसलेल्यांपुढून जाताना सामोअन लोक वाकून 'तुलोऊ' म्हणतात. आजोबांपुढून जाताना तुलोऊ म्हणू की कुलोऊ? तोंड गच्च मिटून नुसता वाकलो आणि सटकलो.

"पाळकसाहेब, सुट्टे राहिले!" मावशी ओरडल्या.

म्हणजे आजोबांपुढून आणखी दोनदा जाणं आलं.