गल्ला नव्हे, पेटी आहे ती

बायकोचा साज ठेवायला मी सागवानाची एक पेटी करायला घेतली, नऊ बाय सहा इंचांची. चार बाजू जुळल्या, तळ बसला, वरची फळी बसवली आणि बघतो तर एका टोकाला 2 मिलिमीटरची फट. आरपार. डोळा लावला तर आतला अंधार दिसावा अशी.

निम्मा दोष करवतीचा. पातं स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खातं, म्हणून रेघेच्या बाहेरून कापायचं असतं. मी आतून कापलं. उरलेला निम्मा टेपचा. टेपच्या टोकाची पत्ती हलते, हे बघून मागच्या महिन्यात मी ती हातोडीनं ठोकून पक्की केली होती. ती मुद्दाम ढिली ठेवतात म्हणे. बाहेरून मोजताना ओढली जाते, आतून मोजताना दाबली जाते आणि पत्तीची जाडी हिशेबातून आपोआप वजा होते. हे मला बायकोनं सांगितलं. साज ठेवायला आधी डबा होता तो बरा होता, हेही तिनंच सांगितलं.

फेविकॉलात भुसा कालवून फट भरणं हा सगळ्यांना ठाऊक असलेला इलाज. केसाएवढ्या फटीला तो चालतो. माझ्या फटीत तो वाळता वाळता खचला आणि वर काळी रेघ उमटली, डोळ्यात काजळ घातल्यासारखी. खरवडून काढला. शेजारचे अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की, पावसाळ्यात लाकूड फुगंल आणि फट मिटंल." फुगतं, पण रुंदीला. लांबीला लाकूड जवळजवळ हलतच नाही, आणि माझी फट नेमकी लांबीच्या टोकाला. हे अण्णांना समजावता समजावता दोन चहा झाले. फट होती तेवढीच.

खरा इलाज एकच: त्याच लाकडाची पातळ पट्टी, रेषे त्याच दिशेचे, गोंद लावून ठोकायची आणि वाळल्यावर रंध्यानं सपाट करायची. म्हणून रंग जुळवायला पेटी काखेत मारून टिंबर मार्केटात गेलो.

"किती घनफूट?" दुकानदार मान वर न करता.

"सहा इंच लांब, दोन मिलिमीटर जाडीची एक पट्टी."

त्यानं मान वर केली. तेवढ्यात बाकावर बसलेले एक मामा उठले. पांढरी टोपी, कपाळावर गुलाल, चौकटीचं लाकूड घ्यायला आलेले. त्यांनी पेटी माझ्या काखेतून अलगद काढून घेतली, उन्हात धरली, फिरवली आणि खूश झाले.

"गल्ला ब्येस केलाय की ओ!"

"गल्ला नाही मामा, पेटी आहे."

"मग ही फट?"

मी उत्तर जुळवेपर्यंत त्यांनी खिशातून रुपाया काढला आणि टाकला. खण्ण वाजला.

"जातोय बघा! मापात हाय!"

आता हे सांगायला हवं की अशी पेटी आधी सहाही बाजूंनी बंद करतात आणि मग करवतीनं वरचा भाग उतरवून झाकण करतात, म्हणजे चारही बाजूंच्या रेषा जुळतात. माझी पेटी अजून उतरवायची होती. म्हणजे उघडायला काहीच नव्हतं.

"द्या माझा रुपाया," मामा म्हणाले.

मी खिशातला दुसरा रुपाया पुढं केला. मामांनी हात मागं घेतला.

"त्यो न्हवं. त्योच पायजे. जोतिबाच्या पालखीवर ओवाळलेला हाय."

मग पेटी उलटी झाली. मी हलवली, मामांनी हलवली, दुकानदारानं गिऱ्हाईक सोडून हलवली, एका हमालानं कानाशी धरून "ह्या कोपऱ्याला हाय" असं निदान केलं. स्टीलची पट्टी घालून झाली. रुपाया फटीपर्यंत यायचा, आडवा व्हायचा आणि परत जायचा. यंत्रावरचा पोरगा म्हणाला, "बँडसॉवर घालू? दोन मिन्टाचं काम." मी पेटी छातीशी धरली. माझं वय 58 आहे.

शेवटी मामांनी माझा नंबर घेतला. आणि पट्टी? ती हमालानं पायाखालच्या कचऱ्यातून उचलून दिली आणि दुकानदारानं तिचे 20 रुपये लावले. पायाखालच्या कचऱ्याचे! प्लायचे आठ बाय चारचे तक्ते ढिगानं मिळतात, मायक्याच्या शंभर छटा दाखवतात, पण वीतभर सागवान मागितलं की माणूस भीक मागतोय असं बघतात. स्वतःच्या हातानं काही करणारा म्हणजे रिकामटेकडा, हे एकदा ठरूनच गेलंय. हे मी आधीच बोलणार होतो, रुपायामुळं राहिलं.

घरी पट्टी रंध्यानं पाचरीसारखी निमुळती केली, गोंद लावला, हलक्या हातानं ठोकली. बसली! नखाला लागत नव्हती. एक दिवस वाळायला ठेवली, आणि फोन.

"उघडली का?"

"नाही मामा, आधी फट बुजवली."

पलीकडं बराच वेळ काही नाही. मग, "म्हंजे रुपाया कोंडला?"

त्यानंतर रोज सकाळी साडेसातला. खरं तर झाकण उतरवायला मी भीत होतो. चार बाजूंनी चार काप, शेवटचा पहिल्याला मिळायला हवा. मामांना हे पटेना. "कापाय भ्या कशाचं? मी येतो."

रविवारी आलेच. नातवाला घेऊन. मी कापलं. शेवटचा काप पहिल्याला मिळाला नाही, अर्ध्या मिलिमीटरनं चुकला. मामांनी रुपाया कपाळाला लावला, "चांगभलं" म्हणाले, बायकोनं केलेला चहा घेतला. जाताना दारात थबकले.

"नातवाला असाच एक करून द्या. फट तेवढी मोठी ठेवा, धाचं नाणं जायाला पायजे."