एक संगणक, बत्तीस मुलं: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार सर,

वर्गात सर्जनशील शिक्षणासाठी वापरता येणाऱ्या मोफत ऑनलाइन साधनांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘हे सगळं कोल्हापूर शहरातल्या शाळांसाठी. आमच्याकडं राधानगरीच्या वरच्या अंगाला एक संगणक, पट बत्तीस आणि नेट वाऱ्यावर. पोरं त्यात शिकतात काय, तर पोस्टर रंगवायला. आणि फुकट म्हणता, त्याची किंमत पोरांच्या माहितीनं मोजायची?’

दोन ओळींत उरकण्यासारखे हे आक्षेप नाहीत, म्हणून उत्तर लांबलं आहे.

शेवटचा आक्षेप आधी घेते, कारण तो सगळ्यांत खरा आहे. मूळ लेखात मी सात साधनं सुचवली आणि त्यातल्या कुठल्या साधनाला मुलांची खाती लागतात हे सांगितलं नाही. ते सांगायलाच हवं होतं. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती ‘बालक’ आहे. तिची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, असं तो कायदा म्हणतो. सातवीच्या वर्गाला एका तासात बत्तीस ईमेल खाती उघडून देणं हा शाळेचा अधिकार नाही. घाईत मुलाचं वय वाढवून टाकणं तर त्याहून वाईट, कारण मग मुलांना वाचवण्यासाठी केलेले नियम त्या खात्याला लागूच होत नाहीत.

‘फुकट’ची दुसरी किंमत तुम्ही लिहिली नाहीत, पण ती मोठी आहे. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा कितीतरी शिक्षकांनी वर्गात रुजवला होता. तो ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. त्याआधी ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश हे वेबपानांवर खेळ चालवणारं सॉफ्टवेअर गेलं आणि त्यावर चालणारे शेकडो शैक्षणिक खेळ एका दिवसात निकामी झाले. मुलांचं काम दुसऱ्याच्या कपाटात ठेवलं की कुलूपही त्याचंच असतं.

म्हणून मूळ लेखातली यादी बाजूला ठेवून एकच कसोटी सुचवते. मुलांनी केलेलं काम पेनड्राइव्हवर घ्या, नेट नसलेल्या दुसऱ्या संगणकाला लावा. खातं न उघडता ते उघडलं, तर ते साधन मुलांच्या हातात द्या. नाही उघडलं, तर ते फार तर शिक्षकाच्या तयारीपुरतं. पॅडलेट (ऑनलाइन फळा), कॅनव्हा (ऑनलाइन चित्ररचना) इथेच बाहेर पडतात. ती साधनं वाईट नाहीत, पण तुमच्या वर्गासाठी नाहीत. उरतात ती नेटवरून एकदा उतरवून घ्यायची साधनं, आणि तेवढं काम तालुक्याच्या गावी बसून एका दुपारी होतं.

आता पोस्टरचा मुद्दा. पोस्टर रंगवण्यात शिकणं थोडंच होतं, हे मान्य. पण ते संगणकामुळे नव्हे, पोस्टर कधी चुकत नाही म्हणून. जिथे मुलाचा अंदाज चुकू शकतो आणि चूक त्याला स्वतःला दिसते, तिथे शिकणं होतं. याचं एक उदाहरण सबंध मांडते, आपल्याच नदीचं.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी वर्तमानपत्रात रोज येते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. मुलांनी पंधरा दिवसांचे आकडे वहीत उतरवायचे आणि स्क्रॅचमध्ये, म्हणजे ब्लॉक (सूचनांचे ठोकळे) जोडून प्रोग्रॅम बनवायच्या मोफत साधनात, नदीची पट्टी बनवायची: आकडा टाकला की निळी रेषा तेवढ्या उंचीवर जाईल आणि पाटी ‘सुरक्षित’, ‘इशारा’ किंवा ‘धोका’ दाखवेल.

स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालं, २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, आणि त्याची संगणकावर बसवायची आवृत्ती नेटशिवाय, खात्याशिवाय चालते. त्याचा मंच, म्हणजे चित्र दिसण्याची चौकट, ४८० रुंद आणि ३६० उंच असतो. मध्यबिंदू शून्य, म्हणजे उभ्या दिशेत तळ उणे १८० आणि माथा अधिक १८०. नदीची पट्टी ० ते ६० फूट धरली, तर एका फुटाला ६ एकक मिळतात. मग रेषेची उंची = पातळी × ६ − १८०. यावरून ३९ फुटांची खूण ५४ वर येते आणि ४३ फुटांची ७८ वर. हे सूत्र मुलांना देऊ नका. आधी आलेखवहीत १ सेंटिमीटरला ५ फूट असं प्रमाण घेऊन पट्टी काढायला लावा. इशारा ७.८ सेंटिमीटरवर येतो, धोका ८.६ वर. कागदावर शून्य तळाशी आहे आणि पडद्यावर ते मध्ये आहे, हे एकदा लक्षात आलं की १८० का वजा करायचे ते मुलं स्वतः शोधतात. बीजगणितातला हा धडा फळ्यावर समजावताना घाम फुटतो.

ब्लॉक मोजकेच लागतात. सुरुवातीचा हिरवा झेंडा, आकडा विचारणारा ‘आस्क अँड वेट’, उत्तर ‘पातळी’ नावाच्या चलात ठेवणं, उंची ठरवणाऱ्या ‘सेट वाय टू’ मध्ये वरचं सूत्र, आणि ‘इफ-एल्स’ (‘असेल तर, नाहीतर’) ची जोडी. चलाचं नाव मराठीत चालतं. बांधणी सोपी आहे, पण मजा आणि शिकणं दोन्ही चुकांमध्ये आहे. म्हणून त्या नीट सांगते.

पहिली चूक फूट-इंचांची. बातमीत ‘३९ फूट ५ इंच’ असतं, मुलं ३९.५ टाकतात. ५ इंच म्हणजे ५ भागिले १२, तेव्हा बरोबर आकडा ३९.४२. ११ इंचाला तर ३९.११ लिहितात, आणि पाणी वाढलं असताना रेषा खाली उतरते. ती उतरू द्या. दशांश म्हणजे बारावा भाग नव्हे, हे त्या उतरलेल्या रेषेइतकं स्पष्ट कुणी सांगू शकत नाही.

दुसरी चूक क्रमाची. मुलं आधी ‘३९ पेक्षा जास्त?’ विचारतात आणि ‘४३ पेक्षा जास्त?’ हा प्रश्न एल्समध्ये ठेवतात. ४५ टाकलं तरी पाटी ‘इशारा’च म्हणते, कारण पहिल्या प्रश्नालाच ‘हो’ मिळालं आणि पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मोठी अट आधी घ्यायची, हे गटाला स्वतः सापडायला साधारण दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ शिक्षकानं तोंड बंद ठेवायचं असतं, आणि या सगळ्यात अवघड तेच आहे.

तिसरी चूक बारीक आहे. स्क्रॅचमध्ये ‘पेक्षा जास्त’, ‘पेक्षा कमी’ आणि ‘बरोबर’ एवढेच ब्लॉक आहेत. ‘जास्त किंवा बरोबर’ असा एक ब्लॉक नाही. त्यामुळे नेमकं ४३ टाकलं की धोका दाखवत नाही. उपाय दोन. ‘ऑर’ (किंवा) वापरून दोन अटी जोडा, नाहीतर ‘नॉट’ (नाही) च्या पोटात ‘४३ पेक्षा कमी’ ठेवा. ‘कमी नाही’ म्हणजे ‘जास्त किंवा तेवढंच’, हे तर्कशास्त्र सातवीतल्या मुलाला बोटानं दाखवता येतं.

चौथी चूक आपल्यासारख्या, स्वतःचे अंक असलेल्या भाषांत होते. कळफलक मराठी असेल आणि मुलानं देवनागरीत ४० टाकलं, तर स्क्रॅच त्याला अंक मानत नाही. गुणाकारात त्याची किंमत शून्य होते आणि रेषा तळाला जाऊन बसते. तुलनेत मात्र ते अक्षर म्हणून ताडलं जातं, आणि देवनागरी अक्षरं इंग्रजी अंकांच्या नंतर येत असल्यानं पाटी ‘धोका’ ओरडते. नदी कोरडी आणि वर धोक्याची पाटी असं दिसलं, की आधी कळफलक तपासा. आकडे इंग्रजी अंकांतच टाकायचे.

यात पोस्टर कुठेच नाही, हे तुम्हालाही पटेल.

आता बत्तीस मुलं आणि एक संगणक. चार-चारांचे आठ गट करा. नावं जिल्ह्यातल्या नद्यांचीच द्या: भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, वारणा. फाइलला गटाचंच नाव द्यायचं, मुलाचं नाही. माहितीच्या प्रश्नाचा एक तुकडा तिथेच मिटतो. ४० मिनिटांच्या तासिकेत चार गट प्रत्येकी ८ मिनिटं बसतील आणि सुरुवात-आवराआवरीला ८ मिनिटं उरतील. दोन तासिकांत आठही गटांची एक फेरी, अशा तीन फेऱ्या. म्हणजे सहा तासिकांत प्रत्येक मूल पडद्यासमोर २४ मिनिटं, बाकीचा वेळ वहीत. पडद्याची काळजी मलाही आहे, पण या हिशेबात ती कुठे शिल्लक राहते ते दाखवा.

आठ मिनिटांत काही होत नाही, ही तक्रार कागद कोरा घेऊन बसलेल्या गटाची असते. म्हणून नियम असा: ब्लॉकचा क्रम वहीत लिहिलेला नसेल, तर माऊसला हात लावायचा नाही. दुसरा नियम, दर दोन मिनिटांनी माऊस पुढच्याकडे. हा पाळला नाही तर चारांतलं एक चलाख मूल सगळं करतं, तिघं बघत राहतात, आणि बहुतेक वेळा त्या तिघांत मुली असतात. वही हातात असलेल्यानं चूक कुठे झाली ते तारीख घालून लिहायचं. ती नोंद पुढच्या फेरीचं भांडवल.

जागा बदलताना फाइल जतन न करता खिडकी बंद होणं ठरलेलंच आहे. प्रत्येक फेरीला नवं नाव द्या: तुळशी-१, तुळशी-२, तुळशी-३. जुनी फाइल पुसायची नाही. काय सुधारलं ते त्यातूनच दिसतं. दिवे जाण्याचं म्हणाल, तर दर माऊसबदलाला एकदा जतन करायचं, म्हणजे गेलं तर दोन मिनिटांचं काम जातं.

विज्ञानासाठी फेटची सादृश्यं, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, घ्या. कोलोरॅडो विद्यापीठातला हा प्रकल्प नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यातली नवी सादृश्यं प्रत्येकी एकाच एचटीएमएल फाइलीत (वेबपानाच्या फाइलीत) उतरवून घेता येतात आणि क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये नेटशिवाय चालतात. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररवर ती चालत नाहीत. फाइल खराब आहे असं समजून टाकून देऊ नका. विद्युतमंडलाच्या सादृश्यात ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहमचा रोध जोडला की अँमीटर ०.९० अँपिअर दाखवतो. तेच खऱ्या बॅटरीवर केलं तर आकडा कमी येतो, कारण खऱ्या बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. दोन आकड्यांतला फरक कुठून आला हाच प्रश्न मुलांना द्या. नुसतं सादृश्य दाखवून थांबलं तर मुलं नियम पाठ करतात, आणि नुसत्या खऱ्या तारा दिल्या तर सैल जोडणीतच तास जातो. शॉर्टसर्किटवर पडद्यावर ज्वाळा येतात. ते मात्र फक्त पडद्यावरच करू द्या.

आवाजासाठी ऑडॅसिटी हे मोफत ध्वनिमुद्रणाचं साधन. आजीकडून जुने शब्द, गुऱ्हाळावरच्या कामाची नावं, पेरणीची भाषा, हे तीन मिनिटांत ध्वनिमुद्रित करायचं. माइक किंवा फोन तोंडापासून एक वीत आणि जरा बाजूला, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. बोलण्याआधी दोन-तीन सेकंद शांतता घ्या. पंख्याची घरघर काढताना तोच तुकडा नमुना म्हणून लागतो. एका वाहिनीवर (मोनो) ६४ केबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट घेऊन, एमपीथ्री केलं तर तीन मिनिटांची फाइल दीड एमबीच्या आत बसते. फोनवरची एमफोरए फाइल ऑडॅसिटी थेट उघडत नाही, त्यासाठी एफएफएमपेग नावाचं जोड-सॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागतं. ते जमत नसेल तर फोनवर डब्ल्यूएव्हीमध्ये मुद्रण करणारं ॲप घ्या.

टंकलेखनाबद्दल एकच. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमधला मजकूर या साधनांत चिकटवला की खिचडी दिसते. मुलांना पहिल्यापासून युनिकोडवर बसवा आणि ‘ऱ’ हे अक्षर कुठे आहे ते दाखवा, म्हणजे ‘गुऱ्हाळ’चं ‘गुर्हाळ’ होणार नाही.

गुणांचं म्हणाल, तर आकारिक मूल्यमापनात याला दहा गुण धरा: आधी लिहिलेल्या अंदाजाला तीन, चुकांच्या नोंदीला चार, दुसऱ्या गटाला समजावून सांगण्याला दोन, दिसण्याला एक. दिसण्याला पाच ठेवलेत तर तुमचं म्हणणं खरं ठरेल आणि वर्ग पोस्टरवर येईल.

एक गोष्ट तुमच्याकडून कळायला हवी. संगणकावर विंडोज कुठली आहे? ‘माय कॉम्प्युटर’वर (नव्या विंडोजमध्ये ‘धिस पीसी’वर) राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं की दिसेल. विंडोज १० असेल तर स्क्रॅच ३ बसेल. विंडोज ७ असेल तर बसणार नाही. तिथे स्क्रॅच १.४ घ्यावं लागेल. मंच तेवढाच, सूत्र तेच. १.४ च्या फाइली ३ मध्ये उघडतात, पण ३ च्या फाइली १.४ मध्ये उघडत नाहीत. तेव्हा घरी नव्या संगणकावर तयारी करून शाळेत न्यायचं असेल, तर घरीही १.४ च बसवा. आवृत्ती इथेच खाली लिहा, म्हणजे पेनड्राइव्हवर नेमकं काय उतरवायचं ते त्याखालीच सांगते.